रेवडीचे ९८ दिवस : प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

पहाटे साडेचारला आमचा ससा कापूस गेला. चार वर्षं दोन महिन्यांचा होता. मान डावीकडे इतकी पिळवटली होती की शेवटचे दोन दिवस टॉवेलच्या गुंडाळ्या लावून त्याला टेकवून ठेवावं लागलं. आधार काढला की गरागरा लोळायचा.

२९ जूनला मान पहिल्यांदा वाकडी दिसली. आधीच्या दवाखान्यात कानाचा संसर्ग म्हणून पाच दिवस थेंब घातले. सशाची मान कानाच्या दुखण्यानेही वाकडी होते, त्यामुळे तो अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पण ते पाच दिवस गेले ते गेलेच. ४ तारखेला दुसऱ्या डॉक्टरांनी डोळ्यांची थरथर बघितली, मागचे पाय तपासले आणि मेंदूतल्या परजीवीचा संशय सांगितला. औषध सुरू झालं, उशिरा.

या नऊ दिवसांत त्याची जोडीदार रेवडी त्याच्याजवळून हलली नाही. खाली टेकलेला डोळा चाटायची, कान चाटायची, लघवीने भिजलेली मांडीसुद्धा चाटून साफ करायची. बघून मला भरून यायचं. आज फोनवर डॉक्टरांनी विचारलं, "दोघं एकत्रच होते ना? एकमेकांना चाटायचे?" मी हो म्हटलं आणि पोटात खड्डा पडला.

जोडीतला एक गेला की दुसऱ्याला त्याला बघू द्यावं, नाहीतर तो घरभर शोधत फिरतो, असं त्यांनीच सांगितलं. कापसाला कोमट पाण्याने पुसलं, केस कोरडे केले, खाली स्वच्छ पंचा घातला आणि रेवडीला सोडलं. तिने नाकाने त्याची मान दोनदा ढकलली, उठवायला ढकलते तशी. कपाळ चाटलं. मग त्याच्या अंगाला अंग लावून बसली. चाळीस मिनिटांनी स्वतःहून उठली आणि लांब जाऊन पाठ करून बसली. तेव्हाच त्याला उचललं.

मी कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. काम सुरू झालं की वही उघडते. ही वही रेवडीसाठी.

९ जुलै, मंगळवार

शवविच्छेदन झालं. डॉक्टरांनी आत बोलावून मूत्रपिंड दाखवलं. घेवड्याच्या दाण्यासारखा गुळगुळीत असायला हवा तो अवयव, त्याच्यावर बारीक बारीक खळगे पडले होते, पावसाच्या थेंबांनी ओल्या वाळूवर पडतात तसे. त्यांच्या मते हे जुनं दुखणं, महिन्यांचं किंवा वर्षांचं. मेंदूचे आणि मूत्रपिंडाचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये घालून तपासणीला गेले. कापसाला संध्याकाळी दादाच्या शेतात, मुळशीला, खोल खड्डा करून पुरलं. जांभळाजवळ.

संशय ज्याच्यावर आहे त्याचं नाव एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली. इथून पुढे वहीत नुसतं 'ई. क्यु.'. सशांमध्ये हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला १९२२ साली. बरीच वर्षं त्याला एकपेशीय परजीवी म्हणत, आता मायक्रोस्पोरिडिया या गटात, बुरशीच्या नात्यात धरतात. पेशीच्या आत शिरून वाढतो. आवडीच्या जागा मूत्रपिंड, मेंदू आणि डोळा. मूत्रपिंडातून त्याचे बीजाणू लघवीत उतरतात, लघवी लागलेलं गवत, पाणी, केस यांतून दुसऱ्या सशाच्या तोंडात जातात. आईकडून गर्भातल्या पिल्लांनाही होतो.

डॉक्टरांनी सांगितलेले आकडे जसेच्या तसे :
लागण झाल्यावर साधारण पाचव्या आठवड्यापासून लघवीतून बीजाणू पडायला लागतात, नवव्या आठवड्यापर्यंत जोर असतो, तीन महिन्यांनंतर सहसा थांबतात. प्रयोगांत ९८ दिवसांपर्यंत सापडले आहेत. बाहेर, खोलीच्या तापमानाला कोरड्या जागी, बीजाणू किमान चार आठवडे टिकतात.

मी स्पष्टच विचारलं, रेवडीला लागण झाली असेल का? "झाली असेल असंच धरून चला," म्हणाले. "पण लागण झालेले बहुतेक ससे जन्मभर ठणठणीत असतात. शरीर त्याला दाबून धरतं. ताण आला, खाणं तुटलं की ती पकड सुटू शकते. आणि तिच्यावर आत्ता ताण केवढा आहे ते तुम्ही बघताच आहात."

रक्ताची चाचणी असते, प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची). आमच्या डॉक्टरांकडे होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागेल. आणि प्रतिपिंडं सापडली तरी एवढंच कळतं की कधीतरी संपर्क आला होता. ते तर आम्ही धरूनच चाललोय. पैसे आणि तिचं रक्त, दोन्ही पुढच्या तपासणीसाठी राखून ठेवले.

ठरलं ते असं. फेनबेंडाझोल (जंतांवरचं औषध) २८ दिवस, किलोमागे २० मिलिग्रॅम, रोज एकदा. त्याच काळात घराची सफाई, म्हणजे औषध चालू असताना ती पुन्हा बीजाणू चाटणार नाही. औषध परजीवीची वाढ रोखतं, बाहेर पडलेल्या बीजाणूंना ते काही करत नाही. आणि तिचं खाणं कुठल्याही परिस्थितीत तुटू द्यायचं नाही.

आणखी एक. हा रोग माणसाला सहसा होत नाही, पण ज्यांची प्रतिकारशक्ती दबलेली आहे त्यांना होऊ शकतो. सासूबाई संधिवातासाठी स्टेरॉइड आणि दुसऱ्या गोळ्या घेतात, त्या नेमक्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या आहेत. त्यांनी ट्रे, गवत, फरशी कशालाच हात लावायचा नाही, रेवडीला मांडीवर घ्यायचं नाही. रोज सकाळी कोथिंबिरीच्या काड्या निवडून दोघांना भरवणाऱ्या त्याच. त्यांना हे सांगणं मला डॉक्टरांकडचं सगळं ऐकण्यापेक्षा जड गेलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग काड्या मी निवडून ठेवते, तू घाल."

१० जुलै, बुधवार. दिवस १

वजन १ किलो ८०० ग्रॅम (पिठाच्या वजनकाट्यावर, परातीत बसवून). म्हणजे ३६ मिलिग्रॅम. चिठ्ठीवर होतं २.५ टक्क्यांचं औषध, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम, डोस १.४ मिलिलिटर.

दुकानातून आणलेली बाटली उजेडात धरून वाचली तर १० टक्के. गुराढोरांची. त्यातलं १.४ मिलिलिटर दिलं असतं तर १४० मिलिग्रॅम पोटात गेलं असतं, चौपट. आणि हे औषध जास्त झालं तर अस्थिमज्जेवर घाला घालतं, रक्तपेशी घटतात. दुकानदार म्हणाला, औषध तेच आहे हो ताई. औषध तेच, पण पाणी वेगळं. परत केली. दुसऱ्या दुकानात २.५ ची मिळाली. ज्याच्या घरी ससा आहे त्याने ही एक ओळ तरी लक्षात ठेवावी : मिलिलिटर लिहून घेताना बाटलीवरचे टक्केही लिहून घ्या, आणि आकडेमोड डॉक्टरांसमोर करा.

रात्री ९ ला पहिला डोस. टॉवेलात गुंडाळून, सिरिंज ओठाच्या कडेने, दातांच्या मागच्या फटीतून, थेंब थेंब. गिळलं.

१२ जुलै, शुक्रवार. दिवस ३

सफाई सुरू. दोघांचं राज्य म्हणजे ड्राय बाल्कनी आणि तिला लागून असलेला खोलीचा कोपरा.

सशाची लघवी चुनखडीची असते. वाळली की पांढरा थर बसतो, त्या थराखाली जंतुनाशक पोहोचत नाही. म्हणून आधी पांढरं व्हिनेगर ओतून अर्धा तास भिजवलं, खरवडलं, भरपूर पाण्याने धुतलं, पुसून कोरडं केलं. मग ब्लीच, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून. पुन्हा धुतलं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, आणि लघवीवर थेट ब्लीच ओतलं तरी नाकाडोळ्यांची आग करणारा वायू निघतो. मधली धुलाई चुकवायची नाही. खिडक्या उघड्या, रेवडी दुसऱ्या खोलीत, हातात रबरी मोजे.

लाकडी घरटं टाकून दिलं, लाकूड शोषून घेतं. जुने ट्रे टाकले. पाण्याचं मातीचं भांडं वीस मिनिटं उकळून आता विटेवर उंच ठेवलंय. गवत जमिनीवर पसरत होतो ते बंद, भाजीची तारेची टोपली भिंतीला टांगली. सशाच्या तोंडात जमिनीवरचं काही जाऊ नये, एवढंच सूत्र.

उरली गोधडी.

आजीच्या नऊवारीची गोधडी, कापूस तिच्यावर झोपायचा. रेवडी गेले चार दिवस तिच्यावरच बसून आहे. आपल्या दातांनी तिचा कोपरा ओढून स्वतःच्या खाली घेते, तोंड त्यात खुपसून बसते. तिला जो काही धीर मिळतोय तो त्या वासातून. आणि घरात सगळ्यात जास्त बीजाणू असतील तर तेही त्या गोधडीतच. नऊ दिवस तो त्यावर भिजलाय.

मी ती उचलायला तीनदा गेले आणि तीनदा परत आले.

१३ जुलै, शनिवार. दिवस ४

उचलली. मोठ्या पातेल्यात उकळली, पंधरा मिनिटं. पाण्यावर पांढरा साका आला. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, लिहून ठेवते.

वाळायला टाकली ती दोन दिवस वाळणार नाही, हवाच अशी आहे. तोपर्यंत काय म्हणून सासूबाईंनी स्वतःची अंगातली, दोन दिवस नेसलेली सुती साडी दिली. "माझा वास तर ओळखते ना ती." साडीची चौघडी करून कोपऱ्यात घातली. रेवडीने हुंगली, भोवती फिरली, दारापर्यंत जाऊन आली, बाल्कनीत गेली, परत आली. शोधत होती. अकरा वाजता साडीवर बसली. पण अंग आखडून, कान मागे.

१४ जुलै, रविवार. दिवस ५

काल रात्रीपासून गवताला तोंड नाही. लेंड्या मोजल्या : रात्रभरात ११. एरवी शंभरच्या पुढे मोजताच येत नाहीत. आणि त्या ११ पण बारीक, मिरीसारख्या.

सशाला उलटी होत नाही. अन्नमार्ग एकाच दिशेने चालतो, आणि पोटात सतत काहीतरी जात राहिलं तरच चालतो. बारा तास काही खाल्लं नाही तर वाट बघायची नसते. डॉक्टरांना फोन. पोट फुगलेलं नाही, दाबलं तर मऊ आहे, याची त्यांनी खात्री करून घेतली. दवाखान्यात नेलं, वेदनाशामक आणि कातडीखाली सलाईन दिलं. घरी दर तीन तासांनी सशांच्या आजारपणातलं गवताचं पीठ कोमट पाण्यात कालवून सिरिंजने, एका वेळी दहा-बारा मिलिलिटर. रात्री २ आणि ५ ची पाळी लेकाने घेतली. दहावीत आहे. मी नको म्हटलं नाही.

१५ जुलै, सोमवार. दिवस ६

पहाटे ५.१० ला लेकाने उठवलं. "आई, ऐक." अंधारात कुरकुर आवाज. टोपलीतलं गवत ओढत होती. लेंड्या सकाळपर्यंत ३४.

१७ जुलै, बुधवार. दिवस ८

आषाढी. गोधडी वाळली. घातली. हुंगून बाजूला झाली, तिच्या दृष्टीने ते कापड कोणाचंच नव्हतं. साडीवर जाऊन बसली. वजन १ किलो ७३०. खाली आलंय, पण उतार थांबला.

मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला थोडा थोडा. घास (लसूणघास) बंद, त्यात चुना (कॅल्शियम) फार. हरळी दादा शेतावरून आणतो, तिथे कोणी ससे पाळत नाही याची चौकशी केली. तरी तीनदा धुऊन, पंख्याखाली सुकवून.

२२ जुलै, सोमवार. दिवस १३

कापसाचा अहवाल आला. मेंदूत ई. क्यु. मध्ये दिसतात तशा दाहाच्या गाठी, मूत्रपिंडात जुनी सूज आणि व्रण. रोगनिदान पक्कं.

संशय होता तोवर मनाच्या कोपऱ्यात "नसेलही" असं होतं. आज ते गेलं. कामात बदल काही नाही.

२४ जुलै, बुधवार. दिवस १५

काल रक्त घेतलं, कानाच्या शिरेतून, अर्धा मिलिलिटर. पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी, प्लेटलेट सगळं हद्दीत. औषध तिला झेपतंय. क्रिएटिनिनही ठीक, म्हणजे मूत्रपिंडं चालू आहेत.

२५ जुलै, गुरुवार. दिवस १६

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घराघरांत शिरलं. आमच्याकडे फक्त वीज गेली. रात्रीचा डोस मोबाइलच्या उजेडात. बाटली जोरात हलवायची विसरले नाही, औषध तळाला बसतं.

२९ जुलै, सोमवार. दिवस २०

सकाळी रेवडीचा मागचा उजवा पाय घसरला. मग डावा. उठली, पुन्हा घसरली. माझे हात गार पडले. ई. क्यु. मध्ये मान वाकडी होण्याआधी कित्येकदा मागचे पायच दुबळे होतात.

फोनवर चित्रफीत पाठवली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न : "खाली काय आहे?" खाली गुळगुळीत फरशी. सफाईसाठी सगळ्या सतरंज्या मीच काढल्या होत्या. सशाच्या तळव्याला गादी नसते, नुसते केस असतात, गुळगुळीत फरशीवर पकड मिळत नाही. दोन सतरंज्या उकळून अंथरल्या. त्यांवर सरळ चालली, वळली, कडेला उडी मारून चढली. दुपारी दवाखान्यात पाय उलटा टेकवून बघितला (पंजा पालथा ठेवला की निरोगी ससा लगेच सुलटा करतो), दोन्ही पायांनी तत्काळ सुलटा केला. डोळे स्थिर. बुबुळात पांढरा ठिपका नाही, हा परजीवी डोळ्याच्या भिंगातही बसतो म्हणून तेही दर आठवड्याला टॉर्चने बघायचं.

सतरंज्यांचे आता तीन जोड. एक वापरात, एक उकळून दोरीवर, एक वाळलेला तयार.

६ ऑगस्ट, मंगळवार. दिवस २८

शेवटचा डोस. वजन १ किलो ७९०. एकही डोस चुकला नाही.

शेवटच्या दिवशीची मोठी सफाई पुन्हा पहिल्यासारखी : व्हिनेगर, पाणी, ब्लीच, पाणी. ब्लीच जिथे चालत नाही, म्हणजे दाराची कडी, टोपलीची तार, वजनाची परात, तिथे सत्तर टक्के अल्कोहोल, अर्धं मिनिट तरी ओलं राहील असं. ट्रे पुन्हा नवे. फरशीच्या एका सांध्यात कापसाच्या लघवीचा पांढरा थर आहे, तो तीन वेळा खरवडूनही गेला नाही. वर पांढरा सिमेंट भरून बंद केला.

१८ ऑगस्ट, रविवार

गेले दहा दिवस रेवडी खाते, फिरते, पण आडवी होत नाही. कापूस असताना दोघं जेवण झालं की धपकन एका कुशीवर पडायचे, पाय लांब करून. निर्धास्त ससाच असा पडतो. ती आता पाय अंगाखाली घेऊन पावासारखी बसते, उठायच्या तयारीत.

ओळखीच्या एकांनी तीन वर्षांचा, खच्चीकरण झालेला नर देऊ केला, परदेशी चालले आहेत. मन लगेच तिकडे धावलं. एकटा ससा झुरतो, जोडी हाच त्याच्यावरचा उपाय. पण रेवडीला लागण कापसाच्या शेवटच्या आठवड्यात झाली असली, तर बीजाणू पडण्याचा तिचा जोर नेमका याच महिन्यात. नव्या सशाला आत्ता आणणं म्हणजे तिचं एकटेपण त्याच्या जिवावर फेडणं. ८ जुलैपासून ९८ दिवस मोजले, १४ ऑक्टोबर येतो. त्याआधी नाही. आणि तो आला तरी आधी त्याची तपासणी, वेगळी खोली, वेगळे ट्रे. त्यांना तसं कळवलं. थांबता येणार नाही म्हणाले. जाऊ दे.

तोवर तिला सोबत आमचीच. रोज संध्याकाळी एक तास मी जमिनीवर पालथी पडून वाचते. ती आधी लांब बसायची, परवापासून कोपरापाशी येते.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. आमच्या मांडवाचे ढोल गल्लीच्या तोंडाशी. रेवडीला आतल्या खोलीत, दारं-खिडक्या बंद, पंखा चालू. पाहुण्यांची पोरं ससा बघायला हटून बसली, लेकाने दारात उभं राहून सगळ्यांना परत धाडलं. लेंड्या ८० च्या वर. दुर्वा निवडताना सासूबाईंनी मूठभर बाजूला काढल्या, "ही तिची."

१७ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन. रात्रभर आवाज. सकाळी अर्धंच गवत खाल्लेलं, दुपारपर्यंत भरून काढलं. मान सरळ, डोळे स्वच्छ.

१४ ऑक्टोबर, सोमवार. ९८ वा दिवस

वजन १ किलो ८६०. औषधाच्या पहिल्या दिवसापेक्षा साठ ग्रॅम जास्त.

डॉक्टरांनी तपासलं. मान, डोळे, पाय, सगळं ठीक. लघवीतून धोका आता बहुधा सरला. परजीवी आत झोपलेला असू शकतो, म्हणून खाण्यावर आणि चालण्यावर लक्ष कायमचं. रक्त दर सहा महिन्यांनी. नवा साथीदार शोधायला हरकत नाही, त्याची चाचणी करून मगच. सासूबाईंबद्दल विचारलं. ट्रे आणि मांडीवर घेणं नाहीच, पण खोलीत खुर्चीवर बसायला हरकत नाही, पायात मोजे घालून, नंतर हातपाय धुऊन.

संध्याकाळी खुर्ची नेऊन ठेवली. सासूबाई बसल्या, हातात काही नाही, नुसत्या बसल्या. रेवडी साडीवरून उठून आली. मोज्यावर हनुवटी घासली, एकदा या पायावर, एकदा त्या. मग खुर्चीखाली गेली, गोल फिरली, आणि धपकन कुशीवर पडली. पाय लांब. पांढरं पोट दिसलं.

सासूबाई अर्धा तास हलल्या नाहीत. मग मी त्यांना मोरीत नेऊन पाय साबणाने धुवून दिले, मोजे उकळत्या पाण्यात टाकले.